शेप्या उतरवायच्या आधी

वरचीवाडी, जयगड खाडी
शनिवार, १२ नोव्हेंबर २००५

प्रिय नीरू,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही धडधाकट आहोत, घराला आग लागलेली नाही आणि मला काही झालेलं नाही. घरात फोन असताना आई पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटणारच. फोन ओटीवर आहे, आणि फोनशेजारी खुर्ची टाकून बाबा दिवसभर बसलेले असतात. मला तुझ्याशी जे बोलायचंय ते त्यांच्या कानावर जाऊन चालणार नाही. म्हणून मागच्या दारी पायरीवर बसून लिहितेय, पुढ्यात विळी आणि लाल भोपळा ठेवलाय, कोणी आलंच तर भाजी चिरतेय असं वाटावं. माजघरात रेडिओ मोठ्यांदा लावून ठेवलाय. का, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर पुढचं तू वाचणारच नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आपला गंधार दिवाळीला आला होता तो उद्या सकाळच्या गाडीने पुण्याला परत जातोय, त्याच्या हाती देते. तिच्याच हातात दे, मुकुलकडेसुद्धा नको, असं त्याला बजावलं तर म्हणतो कसा, ‘काकू, आत बॉम्ब आहे काय?’ 

बातमी अशी, की गुरुवारी शेप्या तोडून उतरवायचा ठरलाय. तुळशीचं लग्न उरकलं की काशीराम दोर आणि माणसं घेऊन येणार आहे. हे तुला रुचणार नाही, कळतं मला. पण तू साडेतीन वर्षांत त्या झाडाकडे पाहिलेलं नाहीस. तुझ्या डोळ्यांपुढे तो अजून तसाच असेल, बागेच्या खालच्या कडेला ताठ उभा, कुणी न खाल्लेले शेपूच्या वासाचे आंबे खाली सडतायत आणि शेंड्याला ते गरुडाचं टोपल्याएवढं घरटं. आता तसं राहिलं नाही. चिपळूण बुडालं त्या जुलैच्या पावसात त्याचं खोड दुभंगलं. बेचक्यापासून खाली चीर गेलीय, तिच्यात माझा हात कोपरापर्यंत जातो. झाड कललंय ते बरोबर बागेखालच्या धोंडू आणि जनीच्या घरावर. त्याच पावसात त्याची एक फांदी भर दुपारी जनीच्या पडवीवर आली. कौलं, वासे, सगळं खाली. जनीची नात दिशा तिथेच शिंपल्या मांडून खेळत होती, आणि जनीने तिला वेणी घालायला नुकतीच आत ओढली होती. रडत होती पोरगी, खेळ मोडला म्हणून. मी धावत खाली गेले तर जनी तिला पोटाशी धरून बसलेली, हातातला कंगवा तसाच. मला म्हणाली, ‘काकू, माजा देव जागा होता.’ एवढंच. आम्हाला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मी भित्री हे जगजाहीर आहे. लहानपणी तू मला चिडवायचीस, आई पाल बघून देवाचा धावा करते म्हणून. पण हा धसका निराळा आहे ग. वारा सुटला की हातातलं काम सुटतं. जेवताना पानावर बसले असले तरी कान खालच्या बागेकडे. झाड करकरलं की मी आमटीचा घास तोंडाशी धरून थांबते, आणि नंतर काही आवाज आला नाही की मग गिळते. पावसात त्या तिघांना आपल्या पडवीत आणलं होतं, पण गणपती झाले आणि धोंडू म्हणाला, दुसऱ्याच्या छपराखाली किती दिवस काढायचे. गेले परत. काशीराम झाड बघून गेला तेव्हा मी त्याला विचारलं, आता पाऊस नाही, वारा नाही, आता तरी भीती नाही ना? तो म्हणाला, ‘वहिनी, ह्या झाडाला आता वाऱ्याची गरज नाय उरली.’ तेव्हापासून शांत दिवसही मला भिववतो.

तर तू विचारशील, मग चार महिने थांबलात कशाला? बाबांमुळे. आणि बाबा थांबले ते तुझ्यामुळे. रागावू नकोस, पुढे वाच.

तुझे ते चार हिवाळे आठवतात का? नोकरीतून रजा काढून यायचीस. बाबा आधीच दुर्बीण पुसून ठेवायचे, कातळावरून चालायला नवीन चपला घ्यायचे. तुम्ही दोघं सकाळी भाकरी बांधून बाहेर पडायचात आणि किनाऱ्याकिनाऱ्याने प्रत्येक उंच झाड बघत जायचात. संध्याकाळी उन्हाने काळी ठिक्कर होऊन घरी आलात की माझ्यासमोर तुमचा वाद चालायचा. पहिल्या वर्षी घरटी मोजून तू आकडा काढलास. दुसऱ्या वर्षी त्यातली कितीतरी रिकामी निघाली, आणि कुठल्याशा वर्तमानपत्राने छापलं, रत्नागिरीतले समुद्रगरुड निम्म्यावर आले. तू रडकुंडीला आली होतीस. म्हणालीस, आई, पक्षी मेले नाहीत, त्यांनी यंदा अंडी घातली नाहीत एवढंच. जोडपं तिथंच असतं, समोरच्या झाडावर बसतं, मासे खातं, पण एखाद्या वर्षी घरटं मांडतच नाही. नुसती भरलेली घरटी मोजली की हे बसून राहिलेले पक्षी हिशेबातूनच जातात. म्हणून एका वर्षाच्या मोजणीवर काही बोलायचं नाही. तीच घरटी वर्षानुवर्षं बघायची, दर वर्षी साधारण किती जोडपी विश्रांती घेतात ते काढायचं, आणि मग दिसलेल्या आकड्यात ती न दिसलेली मिळवायची. मला एवढं सगळं तेव्हा कुठलं कळायला. मला कळलं ते बाबांनी ग्रामसभेत सांगितलं तेव्हा. उभे राहिले आणि म्हणाले, ‘मंडळी, माझ्या बागेत यंदा निम्मी कलमं धरली. मग निम्मी कलमं मेली काय? कुऱ्हाड आणू?’ सगळी सभा हसली. आपल्याकडच्या माणसाला आंब्याच्या भाषेत सांगितलं की कसं पटकन पोचतं. तू मागच्या बाकावर होतीस आणि तुझा चेहरा असा फुलला होता की मला दृष्ट काढावीशी वाटली.

पण त्याच आंब्याने घात केला. शेप्यावरच्या जोडीने तुझ्या पहिल्या वर्षी पिल्लू काढलं, दुसऱ्या वर्षी खाडा, तिसऱ्या वर्षी परत पिल्लू, चौथ्या वर्षी खाडा. झालं. बाबांच्या डोक्यात बसलं की गरुडही हापूससारखाच एक वर्षाआड धरतो. तू कितीदा सांगितलंस, बाबा, पक्षी म्हणजे कलम नव्हे, सलग दोन वर्षं घालतील, सलग तीन वर्षं घालणार नाहीत, त्यांना पंचांग नसतं. ऐकतील तर ते बाबा कसले. ‘पुढच्या वर्षी बघच,’ म्हणाले. पुढच्या वर्षी तू आली नाहीस, आणि गरुडही घरट्यावर बसले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी नाही. गेल्या वर्षीही नाही.

तू का आली नाहीस ते ह्या घरात मला एकटीला माहीत आहे. तो मे महिन्यातला रविवार मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. मुकुलचे आईवडील पहिल्यांदाच आंबे खायला आले होते. पंगत बसलेली, मी रस वाढतेय, आणि तुझ्या सासूबाईंनी विषय काढला, आता घरात पाळणा हलू दे म्हणून. बाबा खुशीत होते. दोन वाट्या रस पोटात गेलेला. म्हणाले, ‘अहो, अस्सल हापूसचं कलम आहे आमचं! यंदा खाडा, पुढच्या वर्षी बघा कसं लगडतं ते. नाहीच धरलं तर कल्टार घालू!’ आणि स्वतःच मोठ्याने हसले. ते औषध मुळाशी ओतलं की कलमाला दर वर्षी धरावंच लागतं आणि पाच-सात वर्षांत ते थकून जातं, हे तुला आणि मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं, म्हणून तर आपल्या बागेत त्यांनी ते कधी घालू दिलं नाही. पण बोलताना माणसाला कुठे सुचतं. तू चमचा खाली ठेवलास. ताटं उचललीस, विहिरीवर जाऊन सगळी एकटीने घासलीस, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेलीस. तीन महिन्यांपूर्वीच चौथ्या महिन्यात तुझं काय झालं होतं ते तू मला सांगितलं होतंस, माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होतीस, बाबांना नाही, कुणालाच नाही. मी ती पाळली. अजून पाळतेय. त्या खडकांवरून चढउतार केली म्हणून झालं असं तू तेव्हा म्हणायचीस. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं, मी नाही म्हटलं, तरी तुझ्या मनातून ते गेलं नाही. त्यात ही थट्टा. तुझं चुकलं असं मी कधीही म्हणणार नाही नीरू. माझी पोर जेवणावरून उठून गेली आणि मी रसाचं पातेलं धरून उभी राहिले, एवढंच मला दिसतं.

पण त्यांना हे काहीच माहीत नाही ग. त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, ‘तिकडे आता माझं काम काय, बाबा? घरटं तर रिकामं आहे.’ तू टाळायला म्हणालीस. त्यांनी ते खरं धरलं. तेव्हापासून त्यांचा हिशेब एकच. घरटं रिकामं आहे म्हणून नीरजा येत नाही. गरुड आले की येईल. पाचव्या वर्षाची मोजणी तिची राहिलीय, ती अर्धवट सोडणारी मुलगी नाही. रोज सकाळी उठून बागेच्या कडेला जाऊन बसायचे, दुर्बीण लावून. मी म्हणायचे, कलमांकडे बघा जरा, तुडतुड्याने मोहोर गेला. तर म्हणायचे, समोरच्या कांदळवनात दोघं बसलेले दिसले परवा, आहेत ग, आहेत. मी पुण्याला तुझ्याकडे दोनदा येऊन गेले. ते आले नाहीत, आणि तू बोलावलंही नाहीस. मी परत आले की बाबा मला एवढंच विचारायचे, वाळलीय का? काही विचारत होती का? मी म्हणायचे, गरुडाचं विचारत होती. आता हे खोटं माझ्या पदरी आहे, असू दे.

आता त्यांना दुर्बिणीतूनही दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दिवाळीआधी ऑपरेशन करू म्हटलं तर ह्यांचं एकच, नीरजा आली की बघू. चहाचा कप ठेवताना टेबल चाचपतात. परवा दारात उभ्या राहिलेल्या जनीला ‘कोण, नीरू?’ म्हणाले. जनी बिचारी मागे सरली. मी आत जाऊन तोंड धुतलं.

आणि दिवाळीच्या पाडव्याला धोंडू ओटीवर आला. बसला, विडी काढली, पेटवली नाही. झाडाचं नाव त्याने काढलंच नाही. दिशाला शाळेजवळ मामाकडे ठेवायचा विचार आहे, एवढंच म्हणाला, घर सुनं होईल पण काय करणार.  मग बाबा म्हणाले, ‘पोरीला नको पाठवू. काशीरामला निरोप दे. चार वर्षं झाली, आता ते नाहीत यायचे.’ मला वाटलं, सुटले. देवापुढे साखर ठेवली मी. पण त्या दिवसापासून हा माणूस जेवत नाही नीट. वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागले तर राहू दे म्हणतात. फोनशेजारी बसतात, पण पूर्वी वाट बघत बसायचे तसे नाही. नुसते बसतात. त्यांचं हे बसणं बघून मला झाडापेक्षा जास्त भीती वाटायला लागलीय.

आता रेडिओचं सांगते. बुधवारी सकाळी मी मागच्या दाराने चुलीतली राख टाकायला गेले आणि समोरून तो आला. पांढरा शुभ्र, पंख करडे, पायात हातभर लांबीची वाळकी काटकी. माझ्या डोक्यावरून गेला आणि शेप्याच्या शेंड्यावर उतरला. मला वाटलं भास. काल दोघं होते, आणि दिवसभर काटक्या आणत होते. त्या चिरलेल्या, कललेल्या, गुरुवारी पडणाऱ्या झाडावर ते घर बांधतायत, नीरू. आणि हे माझ्याशिवाय माहीत आहे ते फक्त जनीला. तिच्या अंगणात पुन्हा समुद्रसापाचे मणके आणि माशांची हाडं पडायला लागलीयत. काल ती ते गोळा करून दगडी गडग्यापलीकडे टाकत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काकू, मी काय बगितला नाय. तुमी सांगाल तसा.’ जिच्या नातीच्या डोक्यावर ते झाड आहे ती मला हे म्हणते! बाबांना दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. त्या जोडीची ती हंबरल्यासारखी साद ह्यांनी एकदा ऐकली की संपलं. अजून ती ओरडलेली नाहीत. ओरडतील कधीही. म्हणून पहाटेपासून रेडिओ चालू आहे, तो थांबला की मी मिक्सर लावते, काल तर रिकामाच फिरवला. हे म्हणतात, मालिनी, तुला ऐकू यायचं कमी झालं काय?  तीन दिवस मी एका पक्ष्याच्या तोंडाला भिऊन जगतेय.

भीती झाड पडण्याची आहे, ती तर आहेच. पण त्यावर उपाय आहे. जनीशी मी आज बोलले. धोंडू, ती आणि दिशा मार्चपर्यंत आपल्या मागच्या दोन खोल्यांत राहतील, वेगळी चूल, वेगळं दार, म्हणजे धोंडूचा मान राहील. काशीराम दोर लावून कलतं खोड मागे ताणून ठेवेल, पिल्लू उडालं की पावसाआधी झाड उतरवू. माझी खरी भीती दुसरी आहे. गरुड आले हे बाबांना कळलं तर ते त्याच क्षणी तुला फोन लावतील. आणि तू आली नाहीस, तर इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर हा माणूस उभा आहे ती जाईल. घरटं भरलं तरी मुलगी येत नाही, म्हणजे मुलगी माझ्यासाठी येत नाही, हे त्यांना कळेल. ते मला बघवणार नाही. म्हणून ठरवलंय. बुधवारपर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही तर मी गप्प राहीन. गुरुवारी शेप्या पडेल, घरटं पडेल, आणि बाबा जन्मभर समजतील की पक्षी आले नाहीत म्हणून नीरू आली नाही. त्या दोन पक्ष्यांचं पाप मी घेईन. पण तुला यावंसं वाटलं, शपथ मोडून त्यांना सगळं सांगावंसं वाटलं, किंवा काहीच न सांगता नुसतं त्यांच्या शेजारी बसावंसं वाटलं, तर फोन कर. तेच उचलतील. गरुडांचं, झाडाचं, ह्या पत्राचं नावसुद्धा काढू नकोस. नुसतं म्हण, बाबा, मी येतेय. पक्षी आल्याचं कळायच्या आधी त्यांना हे एकदा ऐकू दे, एवढ्यासाठीच हे पत्र. मग मी त्यांना हाताला धरून बागेच्या कडेला नेईन. तोवर रेडिओ चालूच ठेवते.

तुझीच,
आई